देणगीतल्या शेततळ्याच्या माशाला दरवर्षी मातीचा वास येतो? आमचं तीन वर्षं काय चुकलं

गावच्या अभ्यासिकेसाठी आम्ही दर उन्हाळ्यात मच्छीचं जेवण ठेवतो. कूपनं खपवायची, अडीचशे माणसं जेवायला येणार, आणि त्यातून अभ्यासिकेचं वीजबिल आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं निघणार. मासे विकत घ्यावे लागत नाहीत. गावातले एक शेतकरी, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, आपल्या शेततळ्यातले रोहू, कटला आणि थोडे सायप्रिनस मिळून सव्वाशे किलोच्या आसपास देतात. साफ करायला, कापायला, तळायला आम्ही अठरा-वीस जण. इंदापूर तालुक्यातलं गाव, उजनीचं पाणी जवळ, भिगवणची मच्छी खाऊन वाढलेली माणसं. त्यामुळे मासा चांगला की वाईट हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि तरी तीन वर्षं लागोपाठ तीच तक्रार आली. पंगत बसली, वाढपी फिरले, तुकडीचा पहिला घास गेला आणि दर ओळीत दोन-चार माणसं थबकली. "मसाला झकास आहे, पण माशाला चिखलाचा वास येतोय." कुणी ओरडलं नाही, कुणी पैसे परत मागितले नाहीत. पानात उरलेल्या तुकड्या मात्र आम्हीच उचलल्या. ज्या मावश्या सकाळपासून उन्हात खवले काढत बसल्या होत्या, त्यांची तोंडं मला अजून आठवतात.

पहिल्या वर्षी वाटलं, मासे नीट धुतले गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी मीठ-हळद-लिंबू लावून तासभर ठेवले, मग ताकात बुडवले, मग बेसन चोळून धुतले. फरक शून्य. तिसऱ्या वर्षी आचारी बदलला. नव्या आचाऱ्यानं लसूण दुप्पट घातला आणि लसणाच्या मागून तोच वास आला. चौथ्या वर्षी कारण सापडलं. ज्यांच्याकडे असंच जेवण असतं, मंडळाचं असो, शाळेचं असो की दवाखान्याच्या मदतीसाठी, त्यांची वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

आधी वास कोणता ते ओळखा

आमची मूळ चूक ही की "वास येतो" म्हटल्यावर आम्ही सगळे वास एकाच पोत्यात भरले. माशाला वास तीन-चार तऱ्हेचे येतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

मातीचा, चिखलाचा, ओल्या तळघरासारखा किंवा बुरशीचा वास हा एक. हा मासा जिवंत असतानाच त्याच्या मांसात असतो. मासा ताजा फडफडीत असला तरी असतो, आणि शिजवल्यावर वाफेबरोबर जास्त कळतो.

दुसरा शिळेपणाचा वास. आंबूस, नाकाला झोंबणारा, पुढे पुढे अमोनियासारखा. हा मासा मेल्यानंतर येतो आणि तासागणिक वाढतो. सोबत मांस बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहतो, कल्ल्यांचा लाल रंग जाऊन ते तपकिरी पडतात, डोळे आत जातात. समुद्राच्या माशाचा जो ओळखीचा उग्र दर्प असतो, तो गोड्या पाण्यातल्या माशाला फारसा नसतो. ज्या पदार्थापासून तो दर्प तयार होतो, तोच या माशांच्या अंगात अगदी कमी असतो. म्हणून दर्प नाही म्हणजे मासा ताजा, असं धरून चालू नका. कल्ले उघडून बघाच.

तिसरा वास नसून चव आहे: कडूपणा. पित्ताची पिशवी फुटली की येतो, आणि तेवढ्याच तुकड्यांना येतो.

शिवाय क्रेटचा, डिझेलच्या ड्रमचा किंवा जुन्या थर्माकोलचा वास वेगळाच. तो वरून लागतो आणि धुतल्यावर बराचसा जातो.

हे वेगळं करणं का महत्त्वाचं? शिळ्या माशावर लिंबू किंवा व्हिनेगर ओतलं की वास दबतो, पण मासा शिळा तो शिळाच. तो अडीचशे लोकांना वाढायचा नाही, फेकायचा. याउलट मातीच्या वासानं आरोग्याला काही होत नाही. तो फक्त खाणाऱ्याला नकोसा होतो. शिळ्या माशानं माणसं आजारी पडतील, मातीच्या वासानं जेवण फसेल. दोन्हीला एकच लिंबू पिळून मोकळं होता येत नाही.

तळ्याला प्लास्टिक आहे, मग माती आली कुठून?

तिसऱ्या वर्षीच्या जेवणानंतर हा प्रश्न तात्यांनीच विचारला. प्रश्न बरोबर होता. त्यांच्या शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर आहे आणि तळाशी गाळ नावालाच. आमच्याकडे लोक सर्रास म्हणतात की सायप्रिनस आणि मृगळ तळाचा चिखल खातात म्हणून त्यांना वास मारतो. पण आमच्या पंगतीत कटल्यालाही तोच वास होता. कटला वरच्या थरात चरतो, चिखलात तोंड घालत नाही. इथेच चिखलाची गोष्ट कोसळली.

वास चिखलाचा नसतोच. निळी-हिरवी शेवाळं आणि पाण्यातले काही सूक्ष्म जिवाणू दोन पदार्थ तयार करतात: जिओस्मिन आणि मिथाइल-आयसोबोर्निओल. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणारा जो वास आपण छाती भरून घेतो, त्यात जिओस्मिनच असतं. कच्चं बीट चिरताना येणारा मातकट वासही त्याचाच. 1965 साली शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून त्याला हे नाव दिलं, आणि नावाचा अर्थच मातीचा वास. माणसाचं नाक या पदार्थापुढे विलक्षण तिखट असतं. एका ग्रॅमचे अब्ज भाग केले आणि त्यातले मोजकेच भाग एक लिटर पाण्यात असले, तरी आपल्याला कळतं.

मासा हे प्रामुख्यानं खाऊन घेत नाही, श्वासातून घेतो. पाणी कल्ल्यांमधून जातं, त्यातून हे पदार्थ रक्तात उतरतात आणि चरबीत जाऊन बसतात. आत शिरायला काही तास पुरतात, बाहेर पडायला दिवस लागतात. म्हणून पोटाचा चरबीचा भाग, कातडी आणि बाजूच्या रेषेखालची काळपट मांसाची पट्टी इथे वास सर्वात जास्त. आणि म्हणूनच मीठ-हळद, ताक, बेसन हे सगळं वरवरचं. जे चरबीत मुरलंय ते वरून धुऊन निघत नाही.

आता आमचं वेळापत्रक बघा. जेवण एप्रिलअखेरच्या रविवारी. तोवर शेततळ्यातलं पाणी डाळिंबाला देऊन देऊन तळाला गेलेलं. उन्हाचा पारा चाळिशीच्या पुढे. मासे मोठे झालेले, त्यामुळे खाद्य भरपूर: भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड. वर प्लवंग, म्हणजे मासे खातात ते पाण्यातले सूक्ष्म जीव, वाढावं म्हणून शेणकाला. थोडं पाणी, जास्त ऊन, भरपूर खत, म्हणजे शेवाळाला आणखी काय हवं? पाणी हिरवंगार, कडेला साय आल्यासारखा थर. आम्ही वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा निवडून मासे काढत होतो आणि दोष धुणाऱ्या बायकांच्या हातांना देत होतो. हे लिहितानाही वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट आम्हीच करत होतो. साफसफाईची आतडी, खवले, कल्ले "माशाचं माशाला" म्हणून परत तळ्यात टाकत होतो. म्हणजे पुढच्या वर्षीच्या शेवाळाला खत.

तपासणी: इडलीपात्र आणि पाच नाकं

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कॅटफिशची मोठी शेती आहे. तिथे मासा कारखान्यात घेण्याआधी नमुना शिजवून चाखतात. चव नापास झाली तर तळ्यातून मासा काढतच नाहीत, पाणी सुधारेपर्यंत थांबतात. हे वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आपण मासा कापल्यावर, मसाला लावल्यावर, तळल्यावर आणि वाढल्यावर तपासत होतो. तपासणी जेवणाच्या पंधरा दिवस आधी करायची असते.

चौथ्या वर्षी असं केलं. जेवणाला दोन आठवडे असताना तात्यांकडून तीन मासे आणले, दोन रोहू आणि एक कटला. एकावर भागत नाही, कारण एकाच तळ्यातल्या दोन माशांत फरक असतो. प्रत्येकाच्या पोटाकडची कातडीसकट एक तुकडी घेतली. मीठ नाही, हळद नाही, तेल नाही. झाकणाच्या वेगवेगळ्या स्टीलच्या डब्यांत ठेवून इडलीपात्रात पंधरा मिनिटं वाफवली. मग डबा नाकापाशी नेऊन झाकण उघडायचं आणि पहिली वाफ घ्यायची. तीच खरं सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला नाक सरावतं आणि मासा बरा वाटायला लागतो.

वास घ्यायला पाच जण बसवले. तंबाखू खाणारे आणि बिडी ओढणारे बाजूला ठेवले. ज्या वहिनींना पाण्याच्या टाकीचा वास सगळ्यांच्या आधी कळतो, त्यांना मुद्दाम बोलावलं. पाचांपैकी चौघांनी तिन्ही डब्यांना नाक मुरडलं. बिनमसाल्याचा, नुकता मारलेला, धुतलेला मासा आणि तरी तोच वास. स्वयंपाकघर निर्दोष सुटलं. तीन वर्षांच्या भांडणाचा निकाल वीस मिनिटांत लागला.

राहिलं तात्यांना सांगणं. हे काम मला चाचणीपेक्षा अवघड गेलं. माणूस सव्वाशे किलो मासा फुकट देतो आणि आपण म्हणायचं, तुमच्या माशाला वास येतो? मी डबा घेऊनच गेलो. काही न बोलता झाकण उघडून त्यांच्यासमोर धरलं. ते म्हणाले, "हा तर तळ्याच्या कडेचा वास." पुढे एक शब्द समजवावा लागला नाही. देणारा माणूस प्रामाणिक असतो, त्याला फक्त कुणी दाखवलेलं नसतं. घरी स्वतः खाताना तात्यांकडे कालवण चिंचेचं आणि झणझणीत होतं, त्यात हा वास बुडून जायचा.

उपाय: स्वच्छ पाणी आणि दिवस

मांसातला वास काढायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. मासा जिवंत असताना त्याला शेवाळ नसलेल्या पाण्यात ठेवायचं. ज्या कल्ल्यांनी घेतलं, त्याच वाटेनं ते हळूहळू बाहेर जातं.

तात्यांच्या गोठ्यामागे सहा-सहा हजार लिटरचे दोन सिमेंटचे हौद आहेत. त्यांत सव्वाशे किलो मासा, म्हणजे साधारण शंभर लिटरला एक किलो. याहून दाटी करू नका. पाणी बोअरचं. ही मांडणी करताना जे जे शिकलो ते सांगतो, कारण घोळ इथेच होतात.

हौद आधी काथ्यानं घासून कोरडे करा. भिंतीवरचा हिरवा-काळा बुळबुळीत थर राहिला तर तोच नव्या पाण्यात वास सोडतो आणि मेहनत फुकट जाते. वर शेडनेट बांधा. एक तर ऊन कमी, म्हणून शेवाळ कमी, आणि दुसरं म्हणजे रोहू-कटला उड्या मारतात. पहिल्या रात्री एक कटला हौदाबाहेर गोठ्यात सापडला.

बोअरचं पाणी स्वच्छ असलं तरी त्यात प्राणवायू कमी असतो. थेट नळी आत सोडू नका. उंचावरून, भोकं पाडलेल्या पाइपातून पावसासारखं पडू द्या. त्याशिवाय प्रत्येक हौदात हवेचा पंप आणि त्याच्या नळीला बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड हवाच. आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पहिल्याच रात्री वीज गेली, पंप थांबला, पहाटेपर्यंत चार मासे मेले. दुसऱ्या दिवशी पंप बॅटरीला जोडला आणि रात्री दोघांनी गोठ्यात झोपायची पाळी लावली. पहाटे तीन ते सहा ही वेळ सर्वात धोक्याची. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की समजा दम कोंडतोय.

या दिवसांत खाद्य अजिबात नाही. पोरांना दया येते, पेंडीचा गोळा टाकतात. त्यानं पाणी बिघडतं. इतके दिवस उपाशी राहून या माशाला काही होत नाही. वजन थोडं उतरतं, ते देणाऱ्याला आधी सांगून ठेवा. पोटही रिकामं होतं, त्यामुळे कापताना घाण कमी निघते. पाणी सतत वाहतं ठेवलं तर उत्तम. आमचं दिवसातून दोनदा निम्मं बदलायचो. बाहेर पडणारं पाणी पाटानं उसाला गेलं, त्यामुळे तात्यांचीही तक्रार नव्हती.

किती दिवस? हे आधी ठरवता येत नाही, वाफेलाच विचारावं लागतं. आम्ही मासे अकरा दिवस आधी हौदात सोडले. चौथ्या दिवशी एक मासा वाफवला, वास होता पण पातळ झालेला. आठव्या दिवशी पाचांतल्या दोघांनाच पुसट लागला. दहाव्या दिवशी कुणालाच नाही, त्या वहिनींनाही नाही. पाणी कोमट असलं की हे लवकर होतं. थंडीत माशाचं सगळंच संथ चालतं, म्हणून कार्यक्रम पौष-माघात असेल तर दिवस जास्त धरा. जाड, चरबीचा मासा सडपातळ माशापेक्षा जास्त वेळ घेतो.

तळ्यातच काही औषध टाकून शेवाळ मारता येईल का, असं दोघांनी विचारलं. जेवणाच्या तोंडावर मोरचूद वगैरे टाकू नका. शेवाळ मरताना फुटतं आणि आतला वासाचा पदार्थ एकदम पाण्यात सोडतं. वर ते कुजताना प्राणवायू खातं. वास वाढेल आणि मासेही जातील. त्यापेक्षा फेब्रुवारीपासून शेणकाला बंद, खाद्य मोजून, आणि जमेल तेव्हा ताजं पाणी. यंदा तात्यांनी तेच केलं.

मासा स्वयंपाकघरात येऊन पडलाय आणि आज संध्याकाळी जेवण आहे, तर?

हा फोन मला दोनदा आलाय. अशा वेळी आधी कल्ले, डोळे आणि बोटाचा दाब बघून शिळेपणा नाही याची खात्री करा. मग एक तुकडी वाफवा. वास हलका असेल तर सांभाळून नेता येतं. पूर्ण जात नाही, हे मनाशी धरूनच पुढे चला.

कातडी सोला. पोटाची पातळ, चरबीची पट्टी कापून टाका. बाजूच्या रेषेखालची काळपट पट्टी सुरीनं उचला. किलोमागे बराच मासा जातो, जाऊ द्या. वास बसतो तिथेच. मग आंबटाचा आधार घ्या. चिंचेचा दाट कोळ किंवा कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा. जिओस्मिन आंबटात काही अंशी मोडतं आणि मोडल्यावर त्याचा वास राहत नाही. म्हणजे आपल्या आज्यांचं चिंचेचं कालवण उगाच नव्हतं. वाफवणं, पातळ रस्सा, दुधा-नारळाचं सौम्य कालवण या माशाचं करू नका. चिंच-लसणाचं दाट कालवण करा किंवा कडक तळा.

वास जोरात असेल तर मासा वाढू नका. अंडा करी करा, पिठलं-भाकरी करा आणि कूपन घेणाऱ्यांना सरळ सांगा. चांगल्या कामासाठी दिलेल्या पैशाबद्दल माणूस कुरकुरत नाही, पण पुढच्या वर्षी कूपन घेताना तो पहिला घास त्याला आठवतो.

कापायच्या दिवशीच्या चुका

मातीच्या वासाचा बंदोबस्त केला तरी एप्रिलच्या उन्हात शिळेपणा दोन-तीन तासांत गाठतो. तिसऱ्या वर्षी आम्ही दुपारी बाराला मांडवात साफ करायला बसलो होतो. तुकड्या परातीत, वर ओलं फडकं, आणि तळण संध्याकाळी सातला. आता कळतं की त्या वर्षीच्या तक्रारींत दोन वास मिसळले होते.

आता पहाटे सहाला सुरुवात. बर्फाची लादी आदल्या रात्री आणून भुशात झाकायची, सकाळी गोणपाटात घालून फोडायची. बर्फाचा अंदाज सोपा आहे: आपल्या उन्हात किलोला किलो. कमी आणला की दुपारी पळापळ. अर्धा बर्फ, अर्धं पाणी असा ड्रम तयार ठेवायचा, हौदातून काढलेला मासा थेट त्यात. तडफड लवकर थांबते आणि अंगातली उष्णता लगेच जाते. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा बर्फाचं पाणी माशाला सगळीकडून लागतं. एका वेळी दहा किलोच ड्रमबाहेर. साफ केलेल्या तुकड्या लगेच दुसऱ्या बर्फात, भोकं असलेल्या क्रेटमध्ये, म्हणजे वितळलेलं पाणी खाली जातं आणि तुकड्या भिजत पडत नाहीत.

साफ करताना घाई करणाऱ्याच्या हातून पित्त फुटतं. पोट चिरताना सुरीचं टोक आत खोल घालायचं नाही, टोक वर ठेवून कातडी उचलत न्यायचं. हिरवट पिशवी अख्खी बाहेर आली पाहिजे. फुटलीच तर धुवत बसू नका, हिरवा लागलेला भाग कापून टाका. एक गोष्ट कळकळीनं सांगतो. रोहू-कटल्यासारख्या माशांचं पित्त विषारी असतं आणि शिजवून त्याचं विष जात नाही. औषध म्हणून कच्चं पित्त गिळून मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्ण आपल्या देशात नोंदले गेलेत. कुणी काका "साखरेवर चांगलं" म्हणून मागायला आले तर देऊ नका.

कल्ले पूर्ण काढायचे, आणि कण्याच्या खालची काळसर रक्ताची रेघ अंगठ्यानं खरवडून धुवायची. या दोन ठिकाणांहून मासा सर्वात आधी बिघडतो. सव्वाशे किलोतून डोकी, खवले, आतडी गेली की पंच्याहत्तर-ऐंशी किलो तुकड्या हाती राहतात. शंभर-सव्वाशे ग्रॅमची एक तुकडी धरली तर साडेसहाशेच्या आसपास. अडीचशे पानांना दोन तळलेल्या तुकड्या आणि उरलेल्याचं कालवण, हे गणित बसतं. डोक्यांचा रस्सा वेगळ्या टोपात, आवडणारे मागून घेतात.

तुकड्या कढईत फुटतात ही दुसरी नेहमीची रड. त्याचं कारण बहुतेक वेळा मीठ लावून तासन्‌तास ठेवणं. पाणी सुटतं, मसाला वाहून जातो, तुकडी ढिली पडते. मीठ-मसाला तळायच्या अर्धा-पाऊण तास आधी, तोही थंडच ठेवून. आणि कढईत एकदम पंधरा तुकड्या सोडायच्या नाहीत. तेल गार होतं, रवा तेल पितो, उलटताना तुकडी मोडते.

काट्यांचं मात्र काही करता येत नाही. रोहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी वाय आकाराचे बारीक काटे असतात, शेपटीकडे जास्त. तळायच्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी एकमेकींना लागून आडव्या चिरा दिल्या तर काटे तुटतात आणि तळणात कुरकुरीत होतात. तरी लहान मुलांच्या पानात शेपटीची तुकडी वाढू नये, हे वाढप्यांना आम्ही बसवून सांगतो.

आतडी-खवले आता तळ्यात जात नाहीत. बांधाजवळ कमरेएवढा खड्डा, थरावर थर पालापाचोळा, वर माती आणि कुत्र्यांसाठी काट्याची फांदी. पावसाळ्यानंतर तिथे तात्यांनी शेवग्याची तीन रोपं लावली.

यंदाच्या जेवणात उरलेल्या तुकड्या उचलायला पोरं पाटी घेऊन फिरली. पाटीत काटेच आले. पुढच्या वर्षी हौदाचा पंप सौर पॅनेलवर चालवता येईल का ते बघतोय, म्हणजे गोठ्यातली रात्रपाळी टळेल. कुणी सव्वाशे किलोच्या आसपास मासा असा सौर पंपावर दहा दिवस ठेवला असेल, तर पॅनेल आणि बॅटरी किती क्षमतेची लावली ते जरूर सांगा.